ग्रिलवालीची खुडूक

खिडकीच्या दोन गजांमध्ये किती अंतर ठेवायचं, हे ग्रिलवाली मुठीने ठरवायची. टेप खिशात असायचा, तो लांबी-रुंदीसाठी. गजांच्या मधे मात्र ती मूठ आवळून धरायची. मूठ अडकली की दुसरा गज तिथेच जोडायचा. "जिथून माझी मूठ निघत नाही, तिथून पोराचं डोकं निघत नाही," एवढंच तिचं म्हणणं. आजवर तिच्या ग्रिलमध्ये कुणाचं पोर अडकलं नव्हतं.

ती वर्कशॉपमध्ये आली ती लोखंडाचा कीस झाडायला. झाडता झाडता बघत राहिली. एक दिवस वेल्डर आला नाही आणि गिऱ्हाईक दारात ओरडत उभं, तेव्हा तिने झाडू भिंतीला टेकवला आणि मास्क डोक्यावर चढवला. पहिला जोड वाकडा आला. तो तिने स्वतःच तोडला आणि पुन्हा घातला. मालक बघत होता. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर ती मास्क खाली ओढायची आणि वेल्डिंगची कांडी पेटवायची. विचारणाऱ्याला डोळे झाकून मागे सरावंच लागायचं.

अशा बाईच्या एका खोलीत, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, तीन मुलं आली. धाकट्या बहिणीची. बहीण आजारात गेली. मुलांचा बाप त्याच्या आधीच निघून गेला होता, दुसऱ्या गावात दुसरं घर मांडून बसला होता. थोरली स्वयंपाकाला हात लावण्याइतकी मोठी, मधली नुकती वाचायला शिकलेली, आणि धाकटा भिंतीला धरून चालणारा.

आठवडा उलटायच्या आत ग्रिलवालीचा दादा आणि मुलांची आत्या, दोघं मिळून आले. खोलीत बसायला एक खाट आणि एक स्टूल. आत्या खाटेवर बसली, दादा स्टुलावर. ग्रिलवाली उभीच.

"एवढ्याशा जागेत तिघं मावणार कशी?" दादाने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. फार वेळ लागला नाही त्याला. "पाय पसरायला जागा नाही इथे. धाकट्याला मी नेतो. आमच्याकडे मूल नाही, तुला ठाऊकच आहे. लाडात वाढेल."

"थोरली माझ्याकडे येऊ दे," आत्या म्हणाली. "हाताशी येईल. म्हणजे, शिकेलसुद्धा."

"आणि मधली?" ग्रिलवालीने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मधली राहू दे सध्या तुझ्याकडे," दादा म्हणाला. "तिचं नंतर बघू."

मधली तिथेच दाराच्या चौकटीला पाठ लावून बसली होती. चौकटीच्या रंगाचे पोपडे नखाने सोलत होती. तिने मान वर केली नाही, फक्त सोलायची थांबली.

ग्रिलवालीच्या डोळ्याला कित्येक दिवस डोळा लागला नव्हता. बहिणीच्या उशाशी बसून बसून डोकं बधिर झालं होतं. तिच्या तोंडून "बरं" असा शब्द निघाला. शाळेच्या परीक्षा झाल्या की न्यायला यायचं, असं ठरलं. दोघं उठली तेव्हा मोठं काम मार्गी लावल्यासारखी त्यांची तोंडं झाली होती. तो "बरं" ग्रिलवालीला नंतर घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचत राहिला. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द ती फिरवत नसे. सगळ्या वर्कशॉपला ते माहीत होतं.

त्याच दिवसांत एक कोंबडी खुडूक बसली.

कोंबडी वर्कशॉपसमोरच्या चहावाल्याची. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात एका घमेल्यात तेल पुसायच्या चिंध्या पडलेल्या असायच्या. त्या चिंध्यांत तिने अंडी घातली आणि वर ठाण मांडलं. शेजारी कटर चाले, ठिणग्या उडत. ती हलेना. कुणी चिंधी घ्यायला हात घातला की चोच मारी.

"मेस्त्रीणबाई, उचला ती ब्याद तिथून," मालक म्हणाला. "एखादी ठिणगी पडली तर भाजून निघेल. खायलासुद्धा उरणार नाही."

चहावाला आला. वैतागलेला. "खुडूक बसली की अंडी देणं बंद. थांबा, हिची खोडच मोडतो." त्याने तिचे पाय धरले आणि बादलीभर पाण्यात बुडवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. असं केलं की कोंबडीची ऊब उतरते आणि ती अंडी विसरते, असं सगळेच सांगतात. कोंबडी पाण्यातून निघाली ती चिंधीसारखी होऊन. जमिनीवर पडली, उठली, पिसं झटकली. आणि निथळत्या अंगाने, एक पाय ओढत, सरळ घमेल्यात जाऊन बसली.

वर्कशॉपमधले सगळे हसले. "घे! बुडव अजून!"

ग्रिलवाली हसली नाही. तिने हातमोजे काढले. "देतोस मला?"

"न्या की. मला काय उपयोग हिचा?"

तिने कोंबडी उचलली नाही. घमेलंच उचललं, अंडी, चिंध्या, कोंबडी सगळ्यासकट, आणि पोटाशी धरून घरापर्यंत चालत आणलं. वाटभर कोंबडी तिच्या मनगटावर चोच मारत होती. घरी पोचेपर्यंत मनगट लाल झालं. "मार," ती म्हणत होती. "मार. तुझं बरोबर आहे."

खोलीमागे थोडी मोकळी जागा होती. सगळ्या चाळीचा पाण्याचा नळ, कपडे वाळवायच्या तारा, एक गंजकं पिंप आणि एक भिंत. भिंतीवर एक बोका बसायचा. अर्धी शेपूट तुटलेला, गालफडं सुटलेला. शेजारचे इस्त्रीवाले काका त्याला साहेब म्हणायचे, कारण तो दिवसभर काही न करता बसायचा आणि सगळ्यांवर नजर ठेवायचा.

साहेबाला बघितल्यावर ग्रिलवालीने उरलेल्या गजांचा पिंजरा केला. चांगला भक्कम, चारी कोपरे काटकोनात, वर पत्रा, दाराला कडी. पिल्लं निघायच्या आधी तयार. कोंबडीला घमेल्यासकट आत ठेवलं.

पिल्लं निघाली. मधली शाळेतून आली की पिंजऱ्यापुढे बसायची. एक अंडं अर्धवट फुटून तसंच राहिलं, आतून टकटक चालू. मधलीने नख लावायला हात पुढे केला.

"हात मागे," ग्रिलवाली म्हणाली. "तिने लावलाय का हात? ती बसून ऐकतेय ना? तूही ऐक."

"पण दमेल ते."

"दमू दे. दमूनच बाहेर येईल."

ते आलं. ओलं, कुरूप, मान टाकलेलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यांत पुढे.

आणि त्याच दुसऱ्या दिवशी घोळ झाला. मागून मधलीची हाक आली, "मावशी, पिल्लं बाहेर, आई आत!"

ग्रिलवाली धावली. बघते तो, पिल्लं गजांमधून आरामात निघून अंगणभर पांगलेली आणि कोंबडी आत अडकलेली. या गजावर आपटत होती, त्या गजावर आपटत होती. मानेची पिसं घासून कातडी दिसायला लागली होती. ग्रिलवालीने गजांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सवयीने तिने गजांमधे मूठ धरली होती. सगळा जन्म माणसांच्या पोरांसाठी ग्रिल केलं, तेच माप हाताने इथेही घेतलं. पिल्लू म्हणजे मुठीपेक्षा लहान असतं, हे डोक्यात आलंच नाही.

"भले मेस्त्रीणबाई!" इस्त्रीवाले काका तारेवरून चादर काढत म्हणाले. "चोरांना मोकळं सोडलं आणि फौजदाराला कोठडीत घातलं!"

तेवढ्यात साहेब भिंतीवरून उतरला.

कोंबडीने त्याला ग्रिलवालीच्या आधी पाहिलं. तिच्या घशातून एक वेगळाच आवाज आला, कर्कश, लांबट. अंगणभर पांगलेली पिल्लं एका क्षणात वळली आणि गजांमधून सुळकन आत शिरली, थेट तिच्या पंखांखाली. साहेबाने गजांना तोंड लावलं. गालफडं अडकली. मग त्याने पंजा आत घातला. कोंबडीने त्या पंजावर अशी चोच मारली की साहेब तीन पायांवर भिंतीपर्यंत गेला.

काका टाळ्या पिटायला लागले. मधलीही. पण कोंबडी शांत होईना. पिल्लं पोटाखाली, तरी ती मान उंच करून ओरडतच होती. थांबायची, कान दिल्यासारखी स्तब्ध व्हायची, पुन्हा ओरडायची.

"अगं, गेला तो बोका," ग्रिलवाली म्हणाली. "आता कशाला गळा काढतेस?"

मधली म्हणाली, "एक कमी आहे."

"तू मोजलीस?"

"मी नाही. ती म्हणतेय."

पिल्लू पिंपामागे सापडलं. भिंत आणि पिंप यांच्या फटीत उलटं पडलं होतं, पाय वर. मधलीने हात खरवडून घेत ते काढलं आणि गजांमधून आत सोडलं. ते चिवचिवलं, पोटाखाली शिरलं, आणि कोंबडी गप्प झाली. एका दमात. जणू कुणी यंत्राचं बटण बंद केलं.

"तिला मोजता येतं?" मधलीने विचारलं.

"मोजत नसेल. एकाचा आवाज येत नसेल, म्हणून कळलं असेल."

मधली नखाखालची माती काढत म्हणाली, "मावशी, थोरली आत्याकडे गेली की मला तिचा आवाज येणार नाही."

ग्रिलवाली आत गेली, लोखंड कापायची करवत घेऊन आली आणि पिंजऱ्याचा मधला एक गज कापायला बसली. करवतीने गज कापणं म्हणजे खांदा मोडायचं काम. मशीन आणता आलं असतं, पण तिला त्या वेळी हात चालवायचे होते. गज निघाला. कोंबडी बाहेर आली, मागोमाग सगळी पलटण.

मग जे सुरू झालं ते ग्रिलवाली रोज कामावर जायच्या आधी, चहाचा पेला हातात धरून, बघायची. तिला काम कळत होतं, आणि हे काम होतं. कोंबडी माती उकरायची, दोन पाय मागे, एक पाऊल पुढे. दाणा सापडला की चोचीत धरायची, खाली टाकायची, पुन्हा धरायची, पुन्हा टाकायची आणि बोलवायची. पिल्लं येऊन खायची. स्वतः खायची ती सगळ्यांत शेवटी, उरलं तर. दिवसभर हेच. तिच्या छातीचं हाड सुरीसारखं वर आलं. साहेब एकदा पिंजऱ्याबाहेर आडवा आला. ती पळाली नाही. दुप्पट फुगली आणि त्याच्या अंगावर गेली. साहेब पुन्हा भिंतीवरून उतरला नाही.

संध्याकाळी ती घमेल्यात बसायची. सुरुवातीला पिल्लं पोटाखाली नाहीशी व्हायची. मग मोठी व्हायला लागली. इकडून पाय बाहेर, तिकडून शेपूट बाहेर, पंखातून एखादं डोकं वर. तिच्याच्याने झाकणं होईना. पण तिने एकालाही बाहेर ढकललं नाही. ती जराशी उचलून बसायची, पंख आणखी ताणायची. नीट बसायची तिची सोय गेली होती. ती अर्धवट उभीच राहायची.

"मावत नाहीत आता," काकू म्हणाल्या. इस्त्रीवाल्या काकांची बायको, कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मावताहेत," ग्रिलवाली म्हणाली. "ती सामावून घेतेय."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि मालकाला म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी छोटं मशीन पाहिजे. घरी. आणि अँगल, पाइप लागेल. माझ्या मजुरीतून कापा."

"घरी काय करताय?"

"पलंग."

"मग इथेच करा ना. टेबल आहे, शिकंजा आहे. टेम्पोने पाठवतो."

"नको. तिथेच करायचाय."

मालकाने डोकं खाजवलं. घरात जोडलेली मोठी वस्तू दारातून निघत नाही, ही या धंद्यातली सगळ्यांत जुनी फजिती. नवख्यांना पहिल्या आठवड्यात सांगतात ती. पूर्वी एका कारागिराने कुणाच्या तरी माळ्यावर बसून कपाट जोडलं होतं, त्याला अजून कपाट म्हणूनच हाक मारत. ग्रिलवालीनेच ती हाक पहिल्यांदा मारली होती.

"बाई, दार किती रुंद आहे तुमचं?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच बसवलंय ते."

तीन सुट्ट्या गेल्या. त्या तिन्ही दिवशी मुलं काकूंकडे, कारण वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना वाईट. खाट बाहेर काढली. खोलीत ती, मशीन आणि लोखंड. आधी नुसते टाके घातले, मग काटकोन बघायचा गुण्या लावून प्रत्येक कोपरा तपासला. एक कोपरा केसभर बाहेर होता. कुणाला दिसला नसता. तिने तोडला आणि पुन्हा जोडला. जोडांवर ग्राइंडर फिरवला, मग तळहात फिरवला, जिथे बोटाला टोचलं तिथे पुन्हा ग्राइंडर. एकावर एक असे तीन मजले. चढायला शिडी, प्रत्येक मजल्याला कठडा. कठड्याच्या गजांमधे तिने मूठ धरली. या वेळी माप बरोबर होतं.

परीक्षा संपली. दादा आणि आत्या आले. दादाने भाड्याची गाडी आणली होती, ती गल्लीच्या तोंडाशी उभी. आत्याने रिकामी पिशवी आणली होती. "थोरलीचे कपडे भर गं यात," असं म्हणत ती आत शिरली आणि थबकली.

खोलीची एक आख्खी भिंत पलंगाने व्यापली होती, जमिनीपासून छतापर्यंत. तळाला धाकटा, मधे मधली, वर थोरली. तिघंही कठड्यांतून बघत होती.

"हे काय?" दादा म्हणाला.

"पलंग. तू म्हणालास, मावणार कशी. अशी."

"अगं, पण आपलं ठरलं होतं! तू बरं म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग? तू शब्द फिरवत नाहीस म्हणतात!"

"आजवर नव्हता फिरवला. आज फिरवते. काय करायचंय ते कर."

दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. आत्या पुढे सरसावली. "हट्ट करू नकोस. तू कामावर गेलीस की धाकट्याला कोण बघणार? हा पलंग?"

"काकू बघतात. उपकार म्हणून नाही. त्यांच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल मी लावून दिलंय, आणि पुढेही जे लागेल ते करणार आहे."

"आणि थोरली? माझ्याकडे राहिली असती तर चार गोष्टी शिकली असती."

"तुमची भांडी घासायला शिकली असती. तिला मी शिकवीन. घासायला नाही, जोडायला."

"तोंड बघा हिचं!"

"ताई, तुम्ही या. दर सुट्टीला या. भाची आहे तुमची, कुठे जात नाही. पण पिशवी घरी ठेवून या."

आत्याने पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दादा मात्र तसा ऐकणारा नव्हता. तो पलंगाजवळ गेला आणि खालच्या मजल्यावरून धाकट्याला उचलायला वाकला. "चल रे बाळा, गाडीत बसू."

धाकट्याने दोन्ही हातांनी गज धरले. दादाने ओढलं. धाकटा रडला नाही, पण गजही सोडेना. वरून थोरली उतरली, मधली उतरली. मधलीने धाकट्याचा पाय धरला आणि नुसती मामाकडे बघत राहिली. तिने मान खाली घातली नव्हती.

"सोड त्याला," ग्रिलवाली म्हणाली. आवाज चढवला नाही. पण ती दादा आणि दार यांच्या मधे येऊन उभी राहिली होती, पाय रोवून, खांदे ताणून.

दादाने हात सोडला. त्याचं तोंड पडलं. मूल नेण्याची आस त्याला खरीच होती, हे तिलाही कळत होतं. पण तिने वाट दिली नाही.

दादाने, काहीतरी करायचं म्हणून, पलंग दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. पलंग हलला नाही. त्याने दाराकडे पाहिलं, पुन्हा पलंगाकडे. डोक्यात हिशेब चालू झालेला दिसला.

"हा दारातून आत कसा आला?"

"आला नाही. आतच जोडला."

"मग बाहेर कसा काढणार? उद्या तुझं मन बदललं, मुलं गेली, खोली सोडावी लागली, तर? कापावा लागेल सगळा!"

"हो. कापावा लागेल."

"अगं, एवढ्या वर्षांची मेस्त्री तू, आणि ही चूक?"

"चूक कुठली?" ग्रिलवाली म्हणाली. "माप घेऊन केलाय."

दादा बाहेर पडला. आत्या त्याच्या मागे, पिशवी काखेत. मागच्या अंगणातून कोंबडी आपली पलटण घेऊन वळणावर आली होती. पिल्लं आता तिच्या निम्म्या उंचीची, पण अजून मागोमाग. दादाच्या पायात आली तशी ती फुगली आणि त्याच्यावर धावून गेली.

"हिलाही तूच शिकवलंस काय?" दादा दोन पावलं मागे सरत ओरडला.

"नाही," ग्रिलवाली दारातून म्हणाली. "उलट आहे."

गाडी रिकामी गेली. मधली पलंगावर चढली. आपल्या मजल्यावर नाही, सगळ्यांत वर, थोरलीच्या. थोरलीही चढली. धाकटा खाली उभा राहून हात वर करून ओरडायला लागला. मग मावशीने त्यालाही वर दिलं.

"अगं, वरच्या मजल्यावर तिघं मावत नाहीत," काकू दारातून म्हणाल्या. "त्यासाठीच तीन केलेस ना?"

"जरा सरका गं," ग्रिलवाली म्हणाली, आणि शिडीवर पाय ठेवला.